कात्रीचा मान

खारघरहून विशाखा आली ती चपला काढायच्या आधीच सुरू झाली.

"वहिनी, जमुनाताई किती वाजता येणारेत? साडीला इस्त्री झाली का? आईच्या चहात साखर नाही ना घातलीस?"

बनसोड्यांच्या घरात प्रश्न नणंदेनं विचारायचे आणि उत्तरं सुनेनं द्यायची, ही वाटणी इतकी जुनी होती की राजेश्वरीनं कांद्यावरची नजर न काढता तिन्ही उत्तरं एका दमात देऊन टाकली. "बारापर्यंत. नाही अजून. नाही घातली."

"नाही अजून? अगं, आज जोडपान आहे!"

"माहितीये ताई. पोरगी माझीच आहे."

हे शेवटचं ती पुटपुटली, पण विशाखाचे कान तिखट. ती ओठ मुडपून बाहेरच्या खोलीत गेली आणि येताना आणलेलं दिव्याचं भिंग भावाला दाखवू लागली. टेबलाला चिमट्यानं बसवायचं, हवं तसं वळवता येणारं. "आता आईला काही त्रास नको," ती म्हणाली. रावसाहेब पेपरातून डोकं वर न काढता "वा वा" म्हणाले.

जोडपान म्हणजे बनसोड्यांच्या बायकांचा सण. या घरची मुलगी लग्नाला उभी राहते ती पांढऱ्या साडीत, आणि त्या साडीच्या पदरावर निळ्या रेशमाचा कशिदा घरच्याच हातांनी झालेला असतो. पदराच्या दोन्ही टोकांकडून पिंपळपानांची एकेक वेल निघते, वाटेत हत्ती आणि कमळं भेटतात, आणि दोन्ही वेली मध्यावर एका पानात येऊन मिळतात. ते शेवटचं पान म्हणजे जोडपान. घरातली सर्वांत मोठी बाई ते भरते आणि बाकीच्या सगळ्याजणी त्यात एकेक टाका घालतात. मग जेवणं होतात आणि एकमेकींच्या टाक्यांची चेष्टा होते.

राजेश्वरीनं आजवर एकाही जोडपानात टाका घातला नव्हता. नेमक्या त्या वेळी तिचे हात कणकेत तरी असत किंवा तिची ड्युटी तरी लागलेली असे. ती नेरूळच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती, आणि रविवारची ड्युटी मागून घेणारी नर्स कुठल्या मेट्रनला नको असते? पण आजचं जोडपान तिच्या क्रांतीचं होतं. आज पळायला जागा नव्हती.

या सगळ्याला कारण होता एक हत्ती.

लग्न होऊन ती नवीनच या घरात आली तेव्हा सासूबाईंनी, सुंदराबाईंनी, तिच्या हातात सुई दिली होती. हा कशिदा मोजून करायचा असतो. कापडावर आधी काही रेखायचं नाही. विणीतले धागे नजरेनं मोजायचे आणि चार धाग्यांवर एक टाका घ्यायचा. जाताना एक जागा भरायची, एक सोडायची, आणि परत येताना सुटलेल्या जागा भरत यायचं, म्हणजे उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. गाठ मारायची नाही. एक धागा चुकला की पुढचं सगळं सरकतं. राजेश्वरीला हे काम आवडलं होतं, हे आता सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. ड्युटीवरून आल्यावर रोज बसून तिनं एक हत्ती काढला. जमलेल्या बायकांसमोर सुंदराबाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाल्या, "मागचा पाय आखूड झालाय. लंगडा हाय हत्ती." मग कमरेची छोटी कात्री काढून सगळ्यांदेखत अख्खा हत्ती उसवून टाकला. बायका हसल्या. विशाखा सर्वांत मोठ्यानं हसली. पुढे कितीतरी वर्षं घरात भाकरी वाकडी झाली, स्कूटर सुरू होईना, की कुणीतरी म्हणायचंच, "लंगडा हत्ती!"

राजेश्वरीही हसायची. पण सुईला तिनं पुन्हा हात लावला नाही.

ती कात्री मुळात सुंदराबाईंच्या सासूची, भागाबाईंची. अक्कलकोटच्या पलीकडे एका गावात भागाबाई बड्या घरचं अंगण झाडायला जात. त्या घरच्या बायका आत कशिदा करत, आणि भागाबाईंना उंबरा ओलांडायची मनाई. पण चोळ्या धुऊन अंगणात वाळत पडत, रंग उडू नये म्हणून उलट्या करून. या कशिद्याला उलटी बाजू नसतेच, हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं. भागाबाई झाडता झाडता टाके मोजत राहिल्या आणि शिकल्या. पुढे धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी कशिद्यातली गोपुरं, रथ आणि वृंदावनं सोडली, हत्ती आणि कमळ ठेवलं, आणि रिकाम्या जागी पिंपळाचं पान आणलं. शिवाय एक कायदा केला. सुई घरातल्या कुणीही धरावी, उसवायची कात्री मात्र एकीनंच. चूक झाली की नाही ते तीच ठरवणार. भागाबाईंकडून कात्री सुंदराबाईंकडे आली. त्यांच्याकडून ती विशाखाकडे जाणार हे न बोलता ठरलेलं होतं. निदान विशाखानं तरी ठरवलं होतं.

रस्सा उतरवून, हात साबणानं चोळून धुऊन, राजेश्वरी साडी घेऊन गॅलरीत गेली. इस्त्रीचं टेबल तिथंच असे. सुई तिची नसली तरी इस्त्री तिची होती. विशाखाच्या मुलीची साडी, सुभाषभावजींच्या दोन्ही मुलींच्या साड्या, सगळ्या तिच्याच हाताखालून गेलेल्या. टाक्यांवरून इस्त्री फिरवायची नाही, खाली जाड टॉवेल घालून कडेकडेनं दाबायची, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तिनं पदर उचलून उजेडात धरला. समोरच्या बिल्डिंगच्या काचांवरून ऊन परतून येत होतं, आणि त्यात सुईच्या छिद्रांची रांग कापडातून उजळून निघाली. सारखं अंतर, सारखं अंतर, सारखं अंतर. आणि एके ठिकाणी जरासं जास्त.

तिनं नखाच्या टोकानं धागे मोजले. पाच होते. पुन्हा मोजले, तरी पाचच.

उजव्या वेलीच्या अगदी सुरुवातीला एक टाका चाराऐवजी पाच धाग्यांवर पडला होता, आणि तिथून पुढे प्रत्येक पान, प्रत्येक कमळ, वेलीवर उभा असलेला हत्तीसुद्धा, एका धाग्यानं सरकला होता. डावी वेल ओळंब्यात होती. मध्यावर जोडपानासाठी जागा मोकळी ठेवलेली. तिथं दोन्ही देठ एकमेकांना भेटणारच नव्हते.

खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तिला आनंदच झाला. लंगडी वेल! कात्री कमरेला खोचून साऱ्या घरावर राज्य करणाऱ्या बाईची लंगडी वेल! पण तो आनंद चहाच्या घोटाएवढाही टिकला नाही. कारण मग तिला छिद्रांच्या आजूबाजूची बारीक टोचणी दिसली. नवशिकी नर्स शीर शोधताना इथं तिथं टोचते ना, तशी सुई प्रत्येक टाक्यापाशी जागा शोधत फिरली होती. हे न दिसणाऱ्या माणसाचं काम होतं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. चहा ओतताना सुंदराबाई कपाच्या कडेला बोट लावून बघतात. टीव्ही बंद केलाय, म्हणे मालिका भिकार झाल्यात. शेजारच्या रुतिकाची आई समजून परवा वॉचमनच्या बायकोशी बोलत उभ्या राहिल्या. राजेश्वरी दिवसभर परक्यांच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होती, आणि घरचं म्हातारं माणूस डोळ्यांसमोर आंधळं होत होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"अहो," तिनं हाक मारली. "जरा इकडं या."

रावसाहेब पेपर काखेत मारून आले.

"आईंना दिसत नाहीये."

रावसाहेब आपल्या चपलांकडे बघत राहिले. बेलापूरच्या कोर्टात आयुष्यभर पुकारे ऐकलेला माणूस, पण स्वतःवर वेळ आली की त्याला साधं खोटं जमत नसे. "मोतीबिंदू आहे," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. मी दाखवून आणलंय. ऑपरेशन करा म्हणाले. पण त्यानंतर काही दिवस मान खाली घालून काम करू देणार नाहीत. आई म्हणाली, मग साडी कोण करणार? लग्न होऊ दे, मग बघू."

"आणि मला बोलला नाहीत? घरात एक नर्स आहे, विसरलात का?"

"म्हणून तर नाही बोललो. तू दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला घेऊन गेली असतीस. तिनं मला शपथ घातली होती."

राजेश्वरीनं पदर त्यांच्यापुढं धरला आणि चूक दाखवली. त्यांना काही दिसली नाही, पण बायकोच्या चेहऱ्यावरून पटली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते हळू आवाजात म्हणाले. "लग्नात लोक जेवण बघतात, धागे मोजत नाहीत."

"आई मोजतील."

"तिला कुठं दिस..." ते थांबले.

"बोटांनी मोजतील. आज जोडपान भरायला बसल्या की देठाला देठ लागणार नाही. तेही विहीणबाईंसमोर, जमुनाताईंसमोर. आधीच त्यांच्या मनात पांढऱ्या साडीचा किंतु आहे."

"कशाला काय लागणार नाही?" विशाखा दारात उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे. राजेश्वरीनं सांगितलं तसा तिचा चेहरा आधी उतरला आणि मग लाल झाला. "वहिनी, कमाल आहे तुझी. एका हत्तीचा राग एवढी वर्षं जपून ठेवलास? आणि काढतेस कधी, तर पोरीच्या जोडपानाला?"

"ताई, तुम्हीच मोजून बघा."

"मी आईचं काम मोजू?" विशाखाला हे खरोखरच भलतं वाटलं. "कात्री तिच्याकडे आहे. तिचं काम या घरात कोणी तपासलंय का आजवर? आणि तुला काय कळतं गं त्यातलं? सुई तरी धरतेस का?"

आवाज ऐकून क्रांती आली, ओले केस टॉवेलात गुंडाळलेले. गोष्ट कळल्यावर ती आईच्या जवळ आली आणि तिचा हात धरून म्हणाली, "मम्मी, प्लीज. आजीनं वर्षभर जीव टाकलाय यात. एक धागा इकडंतिकडं झाला तर झाला, मला चालेल ना! नको हर्ट करू तिला."

"तुला चालेल गं. तिला चालेल का?"

"तिला कळायलाच नको."

तिघंही तिच्याकडे बघत होते. नवरा, नणंद आणि पोटची पोर, एरवी या तिघांचं कढीतल्या मिठावरसुद्धा एकमत होत नसे. राजेश्वरीनं इस्त्रीचा प्लग काढला. "ठीक आहे," ती म्हणाली. "मी काही बोलत नाही."

तेवढ्यात बेल वाजली.

जमुनाताईंना त्यांच्या मुलानं, क्रांतीच्या होणाऱ्या नवऱ्यानं, मितेशनं, खाली सोडलं आणि तो गाडी लावायला जागा शोधत फिरत राहिला. सीवूड्सच्या पलीकडच्या गावठाणातून त्या आल्या होत्या, हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ, हातात तांदळाच्या भाकऱ्यांचा आणि सुक्या बोंबलांचा डबा. मितेशनं पढवल्याप्रमाणे त्या दारातच "जय भीम" म्हणाल्या. त्याच वेळी पलंगावरून सुंदराबाई म्हणाल्या, "नमस्कार बाई, या." दोघींनी एकमेकींची भाषा उचलली होती, आणि ते कळून दोघी हसल्या.

पण पाणी पिऊन झाल्यावर जमुनाताईंनी पोटातलं बाहेर काढलंच. "मी खरा सांगतंय, वाईट नका मानू. आमचेत नवरीला पांढरा लुगरा नाय नेसवीत. गावान बाया बोलतान. मितेश बोलतो, आये, तू गप रव. पन माजा जीव राहत नाय."

"बरोबर हाय तुमचं," सुंदराबाई म्हणाल्या. "तोंडानं काय सांगू? हात लावून बगा."

राजेश्वरीनं साडी आणून त्यांच्या मांडीवर पसरली. जमुनाताईंनी हात आपल्या लुगड्याला पुसले. आधी नुसतं बघितलं. मग एका हत्तीवरून बोट फिरवलं. मग पदर उलटा केला, पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"याची उलटी बाजू कंची?"

"न्हाईच."

"नाय?" त्यांनी परत उलटून बघितलं. "अगो बाय! यवरा काम, न कुठं एक चूक नाय!" मग क्रांतीला जवळ ओढून म्हणाल्या, "हाच नेस गो पोरी. कोन बोलंल त्याला मी बघतंय. फक्त खांद्यावं माजी हिरवी शाल घे, माज्या समाधानाला."

"घेईन की," क्रांती म्हणाली. ती आनंदात होती आणि घाबरलेलीही होती. विशाखा पंख्याकडे बघत होती. रावसाहेब मितेशला जागा मिळाली का ते बघायला म्हणून खिडकीशी गेले.

सुंदराबाई गॅलरीच्या दाराशी जाऊन बसल्या. विशाखानं मोठ्या हौसेनं भिंग लावलं, दिवा पेटवला. "बाजूला घे ते," त्या म्हणाल्या, "डोळ्यावर मारतंय." क्रांतीनं सुई ओवून दिली. सगळ्याजणी भोवती बसल्या, आणि पहिल्यांदाच राजेश्वरीही बसली.

डाव्या देठापासून सुंदराबाई निघाल्या. डाव्या हाताचा अंगठा कापडावर पुढे सरकत होता आणि सुई त्याच्या मागून येत होती. पानाची डावी कड झाली, टोक झालं, उजवी कड उतरत खाली आली. बघताना कुणाच्या मनातही आलं नसतं की या बाईला दिसत नाही. सुई उजव्या देठाशी पोचली, थांबली. मागे गेली, परत आली, पुन्हा थांबली.

मग सुई कापडात तशीच ठेवून त्यांचा अंगठा उजव्या वेलीवरून उलटा निघाला. एक पान, दुसरं पान, कमळ, हत्ती.

"आई, उजेड कमी आहे," विशाखा घाईनं म्हणाली. "राहिलेलं उद्या करू."

"आधी जेवून घेऊ या का?" रावसाहेब खिडकीतून म्हणाले. "जमुनाताईंना भूक लागली असेल."

"आजी, मस्त झालंय. राहू दे असंच."

"गप बसा समदे," सुंदराबाई म्हणाल्या. "मला दिसंना झालंय, ऐकू येतंय अजून. सकाळधरनं गॅलरीत काय कुजबुज चाललीय?" त्यांनी मान वळवली, आवाजाच्या अंदाजानं, बरोबर राजेश्वरीच्या दिशेनं. "राजे, कुठं चुकलंय?"

'राजे' ही हाक राजेश्वरीनं नवी नवरी असताना ऐकली होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनी नाही म्हटलं. तिनं मुलीकडे बघितलं. क्रांतीचे डोळे भरले होते. 'कुठंच नाही चुकलं, आई,' एवढं म्हटलं असतं तर जेवणं सुखानं झाली असती. पण हॉस्पिटलात कितीतरी म्हाताऱ्यांना घरचे असंच समजावताना तिनं ऐकलं होतं, काही नाही हो, सगळं ठीक आहे, आणि त्यानंतरचे त्यांचे चेहरेही बघितले होते. एकटं पडलेलं माणूस तसं दिसतं.

"उजव्या वेलीत, आई," ती म्हणाली. "दुसऱ्या आणि तिसऱ्या पानाच्या मधला देठ. एक टाका पाच धाग्यांवर पडलाय."

अंगठा तिथं गेला. नख हळूहळू सरकलं. "पाच," सुंदराबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग विचारलं, "कवा दिसलं तुला?"

"सकाळी. इस्त्री करताना."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही म्हणाल, हत्तीचा राग काढतेय."

सुंदराबाईंची हनुवटी थरथरायला लागली, आणि ती थांबवायला त्यांनी ओठ गच्च मिटले. या बाईला रडताना घरात कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळे आता काय करायचं तेही कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी बोलल्या त्या जमुनाताई.

"माजा बाप खाडीन मासे मारायचा. जाल घरीच विनायचा. एक डोला चुकला का म्हावरा तिथशीच पलतंय. पन म्हनून बाप जाल टाकून नाय द्यायचा. तिथपावत उसवायचा न परत विनायचा." त्यांनी सुंदराबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "शिव्या पन द्यायचा. तुमी पन द्या."

सुंदराबाई ओल्या डोळ्यांनीच हसल्या. मग त्यांनी कमरेची कात्री काढली. विशाखाचा हात आपोआप पुढे झाला.

"राजे, हात कर."

आणि त्यांनी ती चिमुकली कात्री चाचपत राजेश्वरीच्या तळव्यावर ठेवली.

"आई!" विशाखा म्हणाली.

"इशाखे, तुला सांगितलं व्हतं का हिनं चुकलंय म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मोजलंस?"

"तुझं काम कोण मोजणार, आई?"

"मग तुला कात्री देऊन काय करू? कोथिंबीर चिरशील?"

विशाखाचे डोळे भरून आले. राजेश्वरीला कात्री बोचत होती. ती परत करावी असं तिला वाटून गेलं. "आई, उसवायचं म्हणजे जवळजवळ अख्खी वेल जाईल," ती म्हणाली. "किती महिने गेलेत तुमचे."

"माझे गेलेत न्हवं? मी सांगालीय. उसव."

जमुनाताईंनी कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. राजेश्वरीनं कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. टाके काढणं हे तिचं रोजचं काम होतं. आधी टाका अलगद उचलायचा, कापायचा, आणि धागा ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं ओढायचा, म्हणजे कातडीला कळत नाही. निळ्या रेशमाचे तुकडे वाटीत पडू लागले. उसवलेल्या जागेवर क्रांती ओलं फडकं टेकवायची आणि नखानं हलकेच घासायची, की छिद्रं मिटायची. प्रत्येक कटकन आवाजाला सुंदराबाईंच्या पापण्या हलत होत्या.

"दुखतंय का?" राजेश्वरीनं विचारलं. पेशंटला विचारायची सवय. तोंडून निघून गेलं, आणि ती ओशाळली.

"दुखतंय की," सुंदराबाई म्हणाल्या. "तू काढ."

पानं गेली, कमळ गेलं. मग हत्ती आला. त्या दिसत नसलेल्या डोळ्यांनी काढलेला हत्ती, चारही पायांवर व्यवस्थित उभा. राजेश्वरीचा हात थांबला.

"काय झालं?"

"हत्ती आलाय, आई."

सुंदराबाईंचा अंगठा हत्तीच्या मागच्या पायावर जाऊन थांबला, आणि त्यांनाही सगळं आठवतंय हे राजेश्वरीला कळलं. मग त्या म्हणाल्या, "तो बी सरकलाय न्हवं? काढ."

राजेश्वरीनं तो काढला. एवढी वर्षं या क्षणाची तिनं मनातल्या मनात चव घेतली होती, आणि आता तिचेच डोळे इतके गळायला लागले की कात्री ठेवून तिला पदरानं तोंड पुसावं लागलं.

उजव्या वेलीची जागा पांढरी झाली. क्रांती स्वतःलाच विचारावं तसं म्हणाली, "पण लग्न पुढच्या रविवारी आहे. हे होणार कधी?"

"मी राहते इथं," विशाखा म्हणाली. ती अजून नाक ओढत होती. "खारघरला माझी कोण वाट बघतंय? पाळीपाळीनं बसू. टाके वेगवेगळे दिसतील, दिसू देत. पण एक सांगते, पहिलं पान वहिनीनं काढायचं. कात्री घेऊन नुसतं मुकादमासारखं बसायला नाही मिळणार."

"मला येत नाही, ताई."

"एवढ्या साड्यांना इस्त्री केलीस," सुंदराबाई म्हणाल्या. "डोळे मिटून केलीस व्हय?"

"बरं. पण मग माझंही ऐकायचं," राजेश्वरी म्हणाली. "लग्न झालं की डोळ्यांचं ऑपरेशन. मी सोबत असेन. शपथाबिपथा चालणार नाहीत."

"बघा की, कात्री मिळाली न मिळाली तोवर लागली हुकूम सोडायला," सुंदराबाई जमुनाताईंना म्हणाल्या, पण त्यांनी मान हलवली.

राजेश्वरीनं सुई घेतली. सुंदराबाई पुढे सरकल्या आणि त्यांनी आपला उजवा हात कापडाखाली घातला. राजेश्वरी मोजून वरून सुई घालायची. खालून सासूची बोटं ती घ्यायची आणि सुनेच्या नखानं वरून दाबलेल्या जागेतून परत वर पाठवायची. एक, दोन, तीन, चार. राजेश्वरी मोठ्यानं मोजत होती. दर वेळी धागे चारच होते. पानाच्या टोकाला वळसा घालून ती परत निघाली, सुटलेल्या जागा भरत, आणि शेवटचा टाका देठाशी जिथून निघाली होती तिथंच बरोबर येऊन टेकला.

रस्सा कधीचा गार झाला होता. मितेश वर येऊन दारात उभा होता आणि आत यायचं की नाही ते त्याला कळत नव्हतं. सुंदराबाईंनी पानावरून अंगठा फिरवला, वरून एकदा, खालून एकदा. बरं झालं म्हणाल्या नाहीत, वाईट झालं म्हणाल्या नाहीत.

"पुढं कमळ इशाखा काढंल," त्या म्हणाल्या. "हत्ती तू काढ."

राजेश्वरीनं त्यांच्याकडे बघितलं. "आणि लंगडा झाला तर?"

"मला काय इचारतीस?" सुंदराबाई म्हणाल्या. "कात्री तुझ्याकडं हाय."